बाबांच्या भाषणासाठी: अमेरिकेतले पोलीस आणि बंदुका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाला तुम्ही निवृत्तांच्या मंडळात अमेरिकेतल्या पोलिसांच्या मृत्यूंवर बोलणार आहात. २०२१ या एकाच वर्षाचे दोन आकडे तुमच्याकडे आलेत, ४५८ आणि ७३, आणि यातला खोटा कोणता असं तुम्ही विचारलंत. खोटा एकही नाही. ४५८ हा शहीद पोलिसांचं स्मारक सांभाळणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या संस्थेचा आकडा. कर्तव्य बजावताना किंवा त्यामुळे झालेला प्रत्येक मृत्यू ती मोजते, मग तो अपघाताने असो, हृदयविकाराने असो वा आजाराने. त्या वर्षी यातले ३०१ एकट्या कोविडचे होते. ७३ हा एफबीआयचा आकडा. त्यात फक्त गुन्हेगाराने जाणूनबुजून मारलेले पोलीस येतात. बंदुकांच्या वादात ४५८ वापरणं म्हणजे विषाणूचा दोष बंदुकीवर टाकणं, आणि दोन्ही बाजूंचे लोक हे सर्रास करतात.

दुसरी मेख सुरुवातीच्या वर्षाची. एफबीआयच्या नोंदीत २०१३ मध्ये २७ हत्या आहेत, कित्येक दशकांतला नीचांक. तिथून मोजलं तर २०२१ पर्यंत वाढ अडीच पटींहून जास्त दिसते. पण १९७३ पासून मोजा. त्या एका वर्षी नुसत्या गोळीने दीडशेच्या आसपास पोलीस गेले, आणि तेव्हा पोलिसांची संख्याही आजच्यापेक्षा बरीच कमी होती. म्हणजे लांबचा कल उताराचा आणि अलीकडचा चढाचा. २०२३ मध्ये ६० हत्या झाल्या, २०२४ मध्ये ६४. हे आकडे २०१३ च्या पातळीला परत आलेले नाहीत.

हा उतार कशामुळे आला, यावर मात्र तुम्ही भाषणात वेळ घालवावा असं मला वाटतं, कारण तो बंदुका घटल्यामुळे आलेला नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात केव्हलार धाग्याची, शर्टाखाली घालता येणारी मऊ जॅकेटं आली. पिस्तुलाची गोळी ती अडवतात. रायफलची नाही. नऊ मिलिमीटरची गोळी सेकंदाला साधारण १,२०० फूट वेगाने येते, एआर-१५ रायफलची ३,००० फुटांच्या आसपास. तिच्यासाठी पुढे-मागे कडक पत्रा घालावा लागतो, आणि असा पत्रा रोजच्या गस्तीत कुणी दिवसभर अंगावर वागवत नाही. एके-४७ समोर काय होतं, हे २६/११ नंतर तुम्हाला मी सांगायला नको. जॅकेट काखेपाशी, मानेपाशी उघडं राहतं आणि डोक्याला काहीच नसतं. शिवाय ते जुनं होतं. बहुतेक उत्पादकांची हमी पाच वर्षांची असते. झायलॉन नावाचा धागा दमटपणाने आणि उष्णतेने कमजोर पडतो हे २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिसाच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेल्यावर उघडकीस आलं, आणि २००५ मध्ये त्या धाग्याच्या जॅकेटांची मान्यता गेली. मुंबईच्या हवेत घामेजलेलं जॅकेट घडी घालून ट्रंकेत ठेवणाऱ्यांना हे जरूर सांगा. आतले थर धुवायचे नाहीत, पिळायचे नाहीत. ओल्या फडक्याने पुसून सपाट पसरून वाळवायचे.

दुसरं कारण म्हणजे रक्तस्राव थांबवणारा पट्टा, टूर्निकेट. जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत करकचून आवळायचा आणि वेळ लिहून ठेवायची. पट्टा ढिला राहतो, किंवा गाडीच्या डिकीत पडलेला असतो, तिथे माणूस जातो. तो कमरेच्या बेल्टलाच लटकवलेला हवा आणि एका हाताने बांधायचा सराव हवा.

म्हणून नुसते मृत्यू मोजून गोळीबाराचा अंदाज येत नाही. पोलिसांची संघटना फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस गोळी लागलेल्यांची नोंद ठेवते. २०२३ मध्ये ३७८ जणांना गोळी लागली, त्यातले ४६ गेले. वाचलेल्या ३३२ जणांत आयुष्यभराचं अपंगत्व आलेलेही असतात, आणि ते कुठल्याही स्मारकावर दिसत नाहीत. मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आता कायद्याकडे. १९९६ ते २०१० या काळाचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घरोघरी बंदुका जास्त असलेल्या राज्यांत पोलिसांच्या हत्येचं प्रमाण कमी बंदुकांच्या राज्यांच्या तिप्पट निघालं, आणि गुन्हेगारीचा दर हिशेबात धरल्यावरही संबंध टिकला. बंदुकांवरच्या निर्बंधांचे विरोधक म्हणतात, सोबत आढळलं म्हणजे कारण ठरत नाही. आक्षेप रास्त आहे, पण दरवाज्यामागे बंदूक असण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी दार ठोठावणाऱ्या पोलिसाची जोखीम जास्त, हे तुमच्यासारख्या वॉरंट बजावलेल्या माणसाला पटवून द्यावं लागणार नाही.

नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट शहराचं उदाहरण घ्या. २९ एप्रिल २०२४ रोजी वॉरंट बजावायला गेलेले चार अधिकारी तिथे मारले गेले. वॉरंट होतं शिक्षा झालेल्या माणसाने बंदूक बाळगल्याबद्दलच. एक बाजू म्हणते, कायदा होता तरी उपयोग झाला नाही. दुसरी म्हणते, बंदूक त्याच्या हाती पोचलीच कशी? दुकानदाराकडून घेताना पार्श्वभूमीची तपासणी होते, पण कामाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. खासगी विक्रीत तर केंद्रीय कायद्याने तपासणी सक्तीचीच नाही. २०२२ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांसाठी मुदत कामाच्या दहा दिवसांपर्यंत वाढवली, एवढंच.

माझं मत विचाराल, तर पोलिसांच्या जिवाशी सगळ्यात थेट जोडलेला मुद्दा घरगुती हिंसाचाराचा आहे. बायकोला मारणाऱ्याच्या घरी सर्वांत आधी पोलीसच जातात. अशा गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला १९९६ पासून बंदूक बाळगता येत नाही. न्यायालयाने लांब राहायचा आदेश दिलेल्यालाही मनाई आहे, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या रहीमी खटल्यात ८ विरुद्ध १ मतांनी उचलून धरली. मात्र आदेश निघाल्यावर घरातली बंदूक प्रत्यक्ष जाऊन कोणी ताब्यात घ्यायची, हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आदेश कागदावरच राहतो. दुसरीकडे २९ राज्यांत परवान्याशिवाय बंदूक जवळ बाळगता येते. तिथे गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला समोरच्याकडे शस्त्र असेल असं धरूनच चालावं लागतं.

भाषणात २०२१ चे दोन्ही आकडे द्या, पण कोणी आणि काय मोजलं ते आधी सांगा. कुणी नुसती टक्केवारी फेकली, तर कुठल्या वर्षापासून मोजली ते विचारा. आई, वर्षवार तक्ता मोठ्या अक्षरांत करून या आठवड्यात पाठवते, तेवढा छापून बाबांच्या फाइलमध्ये लाव.

तुमची,
मनीषा