रबाडाला एक महिना, आमच्या पोराला जन्मभर

संपादक महोदय,

दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कागिसो रबाडा याची बातमी २०२५ च्या मे महिन्यात आली, तेव्हा गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बाजारात चहाच्या टेबलावर आम्हा चौघांचं एकमत झालं होतं : असल्या खेळाडूला परत मैदानावर पाय ठेवू देऊ नये. एप्रिलच्या सुरुवातीला तो 'वैयक्तिक कारणासाठी' आयपीएल सोडून घरी गेला आणि महिन्याभराने त्यानेच जाहीर केलं की जानेवारीतल्या चाचणीत आपण सापडलो होतो. 'रिक्रिएशनल ड्रग' हा त्याचा शब्द. आमच्या आजीच्या भाषेत नशापाणी. बंदी किती, तर एक महिना. 'ही शिक्षा की चवथीची सुटी?' असं आमच्यातला एकजण म्हणाला आणि मीही हसलो.

जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याच रबाडाने ऑस्ट्रेलियाचे पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्या डावात चार गडी बाद केले. दक्षिण आफ्रिका कसोटीत जगज्जेती झाली. त्याच टेबलावर, तेच चौघे, सगळे खूश. एप्रिल-मे कोणाला आठवला नाही. मला आठवला, आणि त्याच्या आडून २०१० सालचा आमच्याच मैदानावरचा एक मुलगा आठवला. त्याच्यासाठी हे पत्र लिहितोय. पंधरा वर्षं उशीर झालाय, हे मान्य.

मी निवृत्त पी.टी. मास्तर. शाळेनंतर गावच्या क्लबात मुलांना फुटबॉल शिकवायचो, अजूनही संध्याकाळी शिट्टी घेऊन जातो. तो मुलगा डाव्या पायाचा होता. आमच्या तालुक्यात डाव्या पायाचा चांगला विंगर म्हणजे लॉटरी. वडील खाणीवर टिप्पर चालवायचे. मोठ्या क्लबाच्या लोकांनी दोनदा येऊन त्याचा खेळ पाहिला होता. एका संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेमागे तो आणि आणखी दोघे बसलेले मला दिसले. वास लपत नाही. गांजाचा वास मला शिगम्याच्या रात्रींपासून ओळखीचा आहे. दुसऱ्या दिवशी सरावाआधी सगळ्या मुलांना गोल उभं केलं, त्याला मध्ये बोलावलं आणि सर्वांसमक्ष अंगावरची जर्सी काढायला लावली. संस्कारांवर दहा मिनिटं बोललो. पालकांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला गोड लागल्या.

तो पुन्हा मैदानावर आला नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, वडिलांचा ट्रक दारात गंजत उभा राहिला, मुलगा किनारपट्टीवर सीझनच्या कामाला गेला. तिथे गांजाच्या पुढच्या गोष्टी मिळतात, हे गोव्यात कोणाला सांगायला नको. नंतर बोटीवर जायची खटपट केली तर वैद्यकीय तपासणीत लघवीच्या चाचणीत अडकला. आज तो मासळीची रिक्षा चालवतो. मला बांगडे देतो, रास्त पैसे घेतो, 'सर' म्हणतो. पण मैदानाच्या बाजूने जाताना त्याच्या गाडीचा वेग वाढतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

खूप नंतर त्याच्या भावाने सांगितलं, त्या वर्षी जानेवारीत एका सामन्यात त्याच्या गुडघ्याला जबर मार बसला होता. रात्री दुखायचं, झोप यायची नाही, कोणीतरी सांगितलं एक झुरका मार. तो सामना मला आठवतो. मीच क्रेप बँडेज गुंडाळून 'सोस मरे थोडं' म्हणत त्याला परत आत पाठवलं होतं.

रबाडाची एक महिन्याची भानगड काय आहे ते या पावसाळ्यात मी पुतण्याला बसवून समजून घेतलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२१ पासून कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातलं टीएचसी यांची वेगळी वर्गवारी केली आहे. स्टेरॉइडसारखी गोष्ट जाणूनबुजून घेतली तर चार वर्षं, कारण ती प्रतिस्पर्ध्याची फसवणूक. पण हे पदार्थ स्पर्धेबाहेर घेतले आणि खेळ सुधारण्याशी त्यांचा संबंध नव्हता हे खेळाडूने दाखवून दिलं, तर तीन महिने. उपचाराचा कार्यक्रम पूर्ण केला तर एकच. स्पर्धा कधी सुरू होते तेही ठरलेलं आहे : सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. न्यूझीलंडचा डग ब्रेसवेल कोकेनमध्ये सापडला, त्यालाही २०२४ मध्ये हाच हिशेब लागला. मी आधी याला गोऱ्या लोकांचे लाड समजत होतो. आता वाटतं, चोर वेगळा आणि आजारी किंवा मूर्ख माणूस वेगळा, एवढी साधी गोष्ट त्यांनी कागदावर आणली. आम्ही २०१० मध्ये दोघांना एकच काठी लावली.

नियम मऊ आहे असंही नाही. शा'कॅरी रिचर्डसनचं काय झालं पाहा. २०२१ ची अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणी. आई गेल्याची बातमी तिला एका पत्रकाराच्या तोंडून कळली, तिने गांजा ओढला, १०० मीटर जिंकली आणि चाचणीत सापडली. महिन्याची बंदी, निकाल रद्द, टोकियो गेलं. रिलेच्या आधी बंदी संपत होती, तरी संघात घेतलं नाही. एवढं पुरे होतं, आणि ते तिथेच थांबलं. २०२४ मध्ये पॅरिसला ती १०० मीटरमध्ये रौप्य आणि रिलेत सुवर्ण घेऊन गेली. उलट आपल्या लाडक्या मॅराडोनाला १९९१ मध्ये इटलीत कोकेनसाठी पंधरा महिने बाहेर ठेवलं. खेळ बंद राहिला, कोकेन बंद झालं नाही. २००० च्या जानेवारीत हृदय बिघडून तो मरणाच्या दारातून परत आला आणि मग उपचारासाठी क्युबाला गेला. तो वारला तेव्हा आमच्या क्लबाच्या खोलीत त्याच्या फोटोला हार घातला होता. हार घालणाऱ्यांत मीही होतो, आणि त्याच खोलीत आमच्या त्या विंगरचा संघाच्या फोटोतला चेहरासुद्धा कोणी शिल्लक ठेवला नव्हता. तो फोटो मीच काढून टाकला होता.

आता दुसरी गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे फिरवले आहेत. गेल्या डिसेंबरात आमच्या मैदानावर वाढलेला आणि आता पगारावर खेळणारा एक बाविशीचा मुलगा रात्री अकराला माझ्या दारात उभा राहिला. शनिवारी किनाऱ्यावरच्या पार्टीत कोकेन घेतलं होतं, मंगळवारी सामना. नाडाचे, म्हणजे आपल्या देशाच्या उत्तेजकविरोधी संस्थेचे, लोक कधीही येतात, आणि कोकेनचा अंश लघवीत दोन ते चार दिवस सापडू शकतो, हे त्याने मोबाइलवर वाचलं होतं. घामाने भिजला होता. मला भीती वेगळीच होती. कोकेनने हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतात. सोबत दारू असेल तर शरीरात कोकाएथिलीन नावाचं आणखी वाईट रसायन तयार होतं. आणि हा मुलगा त्यावर नव्वद मिनिटं धावण्याची तयारी करत होता. चाचणीची भीती होती, म्हणून निदान तो माझ्याकडे आला. मरणाची भीती बाविसाव्या वर्षी कोणाला असते?

त्याच्या क्लबातल्या एका माणसाने सल्ला दिला : 'हॅमस्ट्रिंग म्हणून सांग, दोन सामने बस, कोणाकडे बोलू नको.' तसंच झालं. मीही गप्प बसलो, त्याचं समर्थन करत नाही. पण त्याला बांबोळीला मनोविकार रुग्णालयाच्या ओपीडीत घेऊन गेलो. फाटकापाशी तो म्हणाला, 'सर, हांव पिसो न्हय', म्हणजे मी वेडा नाही. मी म्हटलं, मीही नाही, तरी आत चल. शेजाऱ्यांना काय सांगायचं यावर त्याच्या आईने दोन दिवस घालवले, शेवटी कावीळ ठरली. डॉक्टरांनी व्यसन जडलेलं नाही म्हणून सांगितलं, पण सहा वेळा बोलावलं. तिसऱ्या खेपेला कळलं की क्लबाचा करार मे महिन्यात संपणार, पुढचं काही ठरलेलं नाही, आणि घरी बहिणीचं लग्न. गोव्यात धंदेवाईक फुटबॉलपटूचं आयुष्य असंच आहे. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतल्यापासून मोठ्या पगाराच्या जागा किती उरल्या, हे मैदानावरच्या कोणालाही विचारा. पावसाळ्याचे महिने पोरं रिकामी. रिकाम्या हाताला काय मिळतं ते किनाऱ्यावर जाऊन पाहा.

हे लिहायचं तातडीचं कारण म्हणजे आमच्या क्लबाची समिती. चवथीआधीच्या बैठकीत एका उत्साही सदस्याने ऑनलाइन मागवलेली लघवीच्या चाचणीची किटं टेबलावर ठेवली. पंधरा वर्षांवरच्या सगळ्या मुलांची अचानक तपासणी करायची, सापडला त्याला कायमचा बाहेर काढायचा. मी विचारलं, कोडीनवालं खोकल्याचं औषध घेतलेलं पोर यात सापडलं तर? उत्तर नाही. गांजा रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो कित्येक आठवडे राहतो, म्हणजे महिन्यापूर्वी सोडलेल्या पोरालाही तुम्ही काढणार का? उत्तर नाही. वाडासुद्धा गांजासाठी १५० नॅनोग्रॅमची मर्यादा ठेवते, आमच्या किटवर नुसती एक रेघ. आणि तुम्हाला वाटतं पोरं येऊन बाटलीत लघवी करतील? ती मैदानावरच येणार नाहीत. संध्याकाळी पाच ते सात ती जिथे माझ्या नजरेसमोर असतात, तेवढी एकच जागा आपण बंद करणार.

ही बैठक संपल्यावर बिअरचा क्रेट उघडला गेला, तेही नोंदवून ठेवतो. दारू २०१८ पासून वाडाच्या यादीत नाही, एवढं ज्ञान समितीला नेमकं होतं.

मला काय हवं ते साधं आहे. गोवा फुटबॉल संघटनेने आणि प्रत्येक क्लबाने लेखी नियम करावा : पहिल्यांदा सापडला किंवा स्वतःहून सांगितलं तर तीन महिने सामने बंद, उपचाराला गेला तर एक. नाव फलकावर लागणार नाही, पालकांशी बोलायचं ते एका माणसाने. सराव मात्र चालू ठेवावा. इथे वाडाशी माझं पटत नाही. त्यांच्या नियमात बंदी जवळजवळ संपत येईपर्यंत संघाबरोबर सरावसुद्धा करता येत नाही. रबाडासारख्याला स्वतःचा ट्रेनर, स्वतःचं घर, सगळं असतं. आमच्या पोराला सराव बंद म्हणजे पाच ते सात रिकामे. पदार्थ विकणाऱ्याला, मग तो आमच्याच संघातला असला तरी, पोलिसांच्या ताब्यात द्यावा. त्यात दयामाया नको. पण घेणारा आणि विकणारा यांच्यात फरक कायदासुद्धा करतो. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या ६४-अ कलमात, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर सेवनाच्या किंवा अगदी थोड्या साठ्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला न भरण्याची सोय आहे. कोकेन सेवनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सगळ्यांना तोंडपाठ. ६४-अ मात्र आमच्या समितीत कोणी ऐकलेलंच नव्हतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. तो मी क्लबाच्या खोलीत मॅराडोनाच्या फोटोखाली चिकटवला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी फाडला. परत चिकटवला.

आपल्याकडेही एक मागणं आहे. पार्टीवर धाड पडली की 'स्थानिक फुटबॉलपटू' असं लिहून गावाचं नाव छापता. आमच्या तालुक्यात गावाचं नाव छापलं की पोराचं नाव छापायची गरज उरत नाही. तेवढं टाळा.

मासळीच्या रिक्षावाल्याला मागच्या आठवड्यात विचारलं, संध्याकाळी येशील का, धाकट्या पोरांना डाव्या पायाने क्रॉस कसा टाकायचा ते दाखवशील का. तो हसला. 'बघतां सर,' म्हणाला आणि बर्फ हलवत राहिला. अजून आलेला नाही.

समितीची पुढची बैठक चवथीनंतरच्या रविवारी आहे. किटं कपाटात आहेत. विरोधात मत आतापर्यंत एकच, माझं.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
डिचोली तालुका
(नाव व पत्ता संपादकांकडे)