कोयता फोटो बघून घेऊ नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी बरोबर काय काय न्यावं, याची यादी आली होती. तंबू, टॉर्च, दोरी इथपर्यंत ठीक. पुढे ‘झाडी साफ करायला दणकट मॅशेटी’, म्हणजे परदेशी धाटणीचा लांब कोयता, आणि खाली काळ्या पात्याचा फोटो. मी 31 वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होतो आणि आता देवगड तालुक्यात हापूसची थोडी कलमं सांभाळतो. लोखंड आणि झाडी या दोन्ही बाबतींत मला थोडं बोलायचा हक्क आहे असं समजून हे पत्र लिहितोय.

तसलंच हत्यार माझा भाचा गेल्या दिवाळीनंतर डोंबिवलीहून घेऊन आला. मित्र, त्यांची मुलं, दोन तंबू, मुक्काम आमच्या बागेत. अठरा इंची पातं, स्टेनलेस, वरून काळा लेप, रबरी मूठ, पाठीला करवतीचे दात. किंमत 1850 रुपये. “मामा, आता तुमचा कोयता ठेवा बाजूला,” म्हणाला. दोन दिवस गवत आणि हिरवी रानमोडी कापली, छान कापली, ते नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी शेकोटीसाठी किंजळीची वाळकी फांदी समोर घेतली. चौथ्या की पाचव्या घावाला मूठ त्याच्या हातात राहिली आणि पातं भिरभिरत जाऊन एका कलमाच्या बुंध्याशी पडलं. पाच मिनिटांपूर्वी तिथे त्याच्या मित्राची मुलगी चिंचोके खेळत बसली होती. त्या संध्याकाळी कोणी फारसं बोललं नाही.

रात्री मी ती मूठ चिरून बघितली. पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, आत जेमतेम दोन बोटं होती, तीही एका खिळ्यावर. आमच्याकडे कोयत्याची शेपटी मुठीच्या पार आत जाते. लोहार ती तापवून लाकडात जाळत बसवतो, वर शेंबी, म्हणजे लोखंडी कडं, ठोकतो. लाकूड वाळलं आणि मूठ हलायला लागली तर तुम्हाला महिनाभर आधी कळतं. रबरात काही कळत नाही, एकदम सुटते. आणि ते करवतीचे दात! त्यांनी एकही फांदी कापली नाही, भाच्याची पँट मात्र दोनदा फाटली.

मुळात मॅशेटी वाईट नव्हे. ज्या मुलखात ती घडली तिथे ऊस, उंच गवत, ओल्या वेली. त्यासाठी पातळ, लांब, सपकन फिरणारं पातं बरोबरच आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं ते. आमच्याकडे करवंदीची जाळी, घाणेरी, चिल्हार. चिल्हारीत शिरलेल्या माणसाला ती सोडत नाही. तिथे पातळ पातं लवतं, उसळतं आणि घाव आपल्या पायाकडे येतो. इथे डोक्याशी वजन हवं आणि तोंड आत वळलेलं हवं, म्हणजे फांदी निसटत नाही. वेल चोचीत अडकवून ओढायची आणि तिथेच तोडायची. हात काट्यात घालावा लागत नाही. माझ्या कोयत्याची पाठ मुठीजवळ सहा मिलिमीटर आहे. रेशन दुकानाच्या काट्यावर साडेसहाशे ग्रॅम भरला. याहून जड घेऊन मिरवणारे अर्ध्या तासात सावली शोधतात.

आता माझा आवडता विषय. चांगला कोयता गाडीच्या पाट्याचा. ट्रकच्या, बसच्या खाली जे पाटे असतात, त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का असतो, शिवाय सिलिकॉन. हजारो खड्डे खाऊन परत सरळ व्हायचं हा त्याचा स्वभाव. (डेपोतले तुटलेले पाटे भंगाराच्या लिलावात जातात, मेकॅनिकच्या घरी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) पाटा तुटलेला असला तर लोहाराने चिरेचा भाग सोडून तुकडा घेतला पाहिजे. आमचा लोहार भिंग लावून बघतो, तेवढ्यासाठी मी त्याच्याकडे जातो.

त्याच्या पाणी देण्याच्या, म्हणजे तापलेलं पातं बुडवून कडक करण्याच्या, वेळी एकदा जाऊन उभे राहा. तो म्हणतो पाणी, पण समोर डब्यात असतं जुनं इंजिन ऑइल. नुसत्या पाण्यात पाट्याला चिरा जातात. तोंड लाल झालं की तेवढंच बुडवतो, पाठ बाहेर. मग पटकन काढून दगडावर दोन हात घासतो आणि थांबतो. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू तोंडाकडे सरकते आणि घासलेल्या जागी रंग चढायला लागतात. आधी वाळक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळ्याची कड. ती कड दिसली की पुन्हा तेलात. हे रंग उन्हात दिसत नाहीत, म्हणून लोहारशाळा अंधारी असते. एक क्षण आधी बुडवला तर धारेच्या कपच्या उडतात, उशीर झाला तर धार दुमडते. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आला आहे, पण हा क्षण अजून त्याच्या डोळ्यांवरच आहे.

तयार कोयता विकत घेणाऱ्यांनी निदान खिशात जुनी कानस न्यावी. धारेवर अलगद ओढली की ती थोडी धरली पाहिजे. काचेवरून सरकल्यासारखी सरकली तर पातं ठिसूळ. साबणासारखा चुरा निघाला तर मऊ. मग कोयता दोन बोटांत लटकवून टिचकी मारा. टणकन वाजला आणि आवाज थोडा रेंगाळला तर घ्या. भद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे किंवा मूठ सैल आहे. फोटोला टिचकी मारता येत नाही, माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे. माझ्या शेवटच्या कोयत्याचे लोहाराने मुठीसकट 650 रुपये घेतले.

सोबत आकडी घ्या. कमरेला मागे बांधायची लाकडी आकडी, तिच्यात कोयता अडकवला की दोन्ही हात मोकळे. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावरून हातात उघडा कोयता घेऊन चालणारा माणूस मला दिसला की मी ओरडतो, मग तो ओळखीचा असो वा नसो. बाग बेणताना, म्हणजे तण-झुडपं काढताना, दुसरा माणूस निदान चार हात लांब हवा. गवताला आता पेट्रोलचं मशीन आहे, माझ्याकडेही आहे, पण कलमाच्या बुंध्याशी मी ते नेत नाही. साल सोलली की ते कलम वर्षानुवर्षं रडतं.

आणखी एक गोष्ट आपल्या यादीत असायला हवी होती. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि हरिश्चंद्रगड-कळसूबाई हे अभयारण्यच आहे. राखीव जंगलात झाड तोडणं हाही गुन्हा. मग तंबूवाल्याने साफ करायची ती झाडी कुणाची? स्वतःच्या किंवा मालकाला विचारून दुसऱ्याच्या जमिनीत असाल तर कोयता घ्या. किल्ल्यावर जाणार असाल तर तो घरीच राहू द्या, तंबूला मोकळी जागा पुष्कळ असते.

कोयता म्हटलं की हल्ली मथळ्यात टोळीच दिसते. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. त्यांचंही काही चुकलं नसेल. शस्त्रांच्या 2016 च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरलं आहे, पण घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेलं वगळलं आहे. ज्या राज्यात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, तिथे हे वगळणं कुणालातरी सुचलं हे बरंच झालं. भाच्याला माझा एक जुना कोयता हवा होता. गोणपाटात बांधून, सुतळीने शिवून, सामानाच्या तळाशी ठेव, एवढं सांगून दिला. लोहाराचं बिल मागत होता. लोहाराकडे बिल कुठलं? डेपोत खंडेनवमीला पाने-हातोड्यांना हळद-कुंकू लावायचो, तसं घरी आता कोयत्यांना लावतो. भाच्याने त्याचा फोटो काढून घेतला. पोलिसांनी विचारलं तर दाखवीन म्हणतो.

तुटलेलं मॅशेटीचं पातं मी लोहाराकडे नेलं होतं, नवी मूठ बसते का बघायला. त्याने ऐरणीवर एकदा आपटून कान लावला आणि म्हणाला, “ह्येका तोंड आसा, पोट नाय.” मग वीतभर तुकडा कापला, दात घासून काढले, पुढचं टोक चपटं केलं. सध्या तो तुकडा आमच्या स्वयंपाकघरात कालथा म्हणून आहे. घावणे उलटायला उत्तम, गंजत नाही.

आपला,
एक निवृत्त एसटी मेकॅनिक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग