शास्त्र न उघडता भरलेली वही

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

तू पाठवलेले बायबल अभ्यासक्रमांचे तिन्ही नमुने तुझ्या पप्पांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले. मोबाइलवर मला धड वाचता येत नाही आणि हातात पेन नसलं की माझं डोकं चालत नाही, हे तुला ठाऊक आहेच. चार दिवस जेवणाच्या टेबलावर तेच पसरलं होतं. पप्पा ताट मांडीवर घेऊन जेवले.

थोरला आता नववीत, धाकटी सातवीत, दोघांची शाळा घरीच, तर बायबलचा अभ्यासक्रम कोणता घ्यायचा, एवढाच तुझा प्रश्न. टेक्सासात घरची शाळा खासगी शाळेतच मोडते. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवलं की पुरतं, बायबलबद्दल कायदा काही विचारत नाही, हे तूच मला समजावलं होतंस. म्हणजे चुकलं तर बोट दाखवायलाही कोणी नाही.

मी एक खोडी केली. पहिल्या नमुन्यातला धडा समोर घेतला आणि बायबल मुद्दाम कपाटात ठेवून दिलं. बारा गाळलेल्या जागा होत्या. नऊ तर नुसता वरचा परिच्छेद वाचून भरल्या. उरलेल्या तिनांपैकी दोन 'विश्वास' आणि 'आज्ञापालन' असणार, हे शब्बाथशाळेतलं कुठलंही पोर झोपेत सांगेल. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, वर्षभराचं वेळापत्रक आयतं. फक्त शास्त्र उघडावं लागत नाही! तो बाद कर, कितीही सवलतीत मिळत असला तरी.

दुसऱ्यात शास्त्र लागतं, पण चिमटीनं. मैत्री, राग, मोबाइल असे विषय, आणि प्रत्येकाखाली योहानातलं एक वचन, नीतिसूत्रांतलं एक, रोमकरांस पत्रातलं अर्धं. मुलांना आवडेल, आठवडाभर. पण चार वर्षं असं शिकलेल्या मुलाला प्रेषित पौल ते रोमकरांचं पत्र कोणाला लिहीत होता आणि का, हे कधीच कळणार नाही.

आणि हे मी कुठल्या तोंडानं सांगतेय? शब्बाथशाळेत इतकी वर्षं मी तरी काय केलं? सुवर्णवचन पाठ, चांदणीचा स्टिकर, संपलं. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, पण मी विसरलेले नाही. तू पंधरा वर्षांची होतीस. बायबलातलं शास्ते हे पुस्तक, अकरावा अध्याय. इफ्ताह लढाईला जाताना नवस करतो की जिंकलो तर घरातून जे सामोरं येईल त्याचा देवाला होम करीन; जिंकून परत येतो, आणि घरातून डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी सामोरी येते. तू विचारलंस, "देवानं अब्राहामाला मुलाचा बळी देताना थांबवलं, मग ह्याला का नाही थांबवलं?" मला उत्तर येत नव्हतं. तसं सरळ म्हणायचं सोडून मी म्हटलं, "असले प्रश्न विचारू नयेत," आणि पुढचं पान उलटलं. त्यानंतर दोन-तीन वर्षं तू वर्गात काही विचारलंच नाहीस. मी समजत होते, मुलगी शहाणी झाली.

म्हणून तिसरा नमुना मला पटला. त्याची पानं जवळजवळ कोरी आहेत. आधी मजकुरात काय दिसतं ते लिहा: कोण बोलतंय, कोणाशी, कुठे, कुठला शब्द परत परत येतोय. मग त्याचा अर्थ. आणि सगळ्यात शेवटी, त्याचं आपल्याला काय. तुमच्याकडे ह्याला इंडक्टिव्ह पद्धत म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी बघ, मग बोल.

त्यातला आमोस संदेष्ट्याचा धडा मी स्वतः करून पाहिला. तकोवाचा हा मेंढपाळ, यहूदा या दक्षिणेच्या राज्यातला, उत्तरेच्या राज्यात जाऊन इस्राएलला सुनावतो. तो सुरुवात करतो शेजाऱ्यांपासून: दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. धड्यात सांगितलंय, नकाशावर ह्याच क्रमानं ठिपके दे आणि रेघा ओढ. दिमिष्क ईशान्येला, गज्जा नैर्ऋत्येला. सोर वायव्येला, अदोम आग्नेयेला. दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात त्या इस्राएलच्याच अंगावर. ऐकणारे शेजाऱ्यांच्या नावानं माना डोलावत असणार, यहूदाचं नाव आल्यावर तर जास्तच, आणि तोवर फास त्यांच्याच गळ्यापाशी आलेला. आमोस मी किती वेळा वाचलाय, पण हे मला या वयात, पेन्सिल हातात घेतल्यावर दिसलं. पप्पांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, "चहा गार झाला."

एक मात्र नीट तपास. पुस्तकाच्या मागे प्रकाशकाचं श्रद्धेचं निवेदन असतं, ते आधी वाच. ह्या तिसऱ्यातच बाप्तिस्म्याच्या धड्यात लिहिलंय की कबुली देऊन पाण्यात बुडवून झाला तोच खरा. आपली दोन्ही मुलं तर तान्ही असताना पाळकांच्या हातून बाप्तिस्मा पावलेली. एवढ्यावरून पुस्तक फेकू नकोस. तो धडा आला की तू आणि जावई दोघं सोबत बसा, आपल्या मंडळीत असं का करतात ते सांगा, आणि दोन्ही बाजूंची वचनं मुलांनाच काढायला लावा. बिरुयाच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं होतं; मग एका प्रकाशकाचं का नको?

थोरल्याच्या हायस्कूलच्या क्रेडिटचं, म्हणजे विषय पुरा केल्याच्या नोंदीचं, गणितही मी मांडलं. एका क्रेडिटला साधारण १२० तास धरतात म्हणालीस. आठवड्याला चार दिवस, रोज पन्नास मिनिटं, छत्तीस आठवडे: बरोबर १२०. पाचवा दिवस रिकामा ठेव. धाकटीला तेच पुस्तक, निम्मे प्रश्न. प्रकाशकानं रोमकरांस पत्र पहिल्याच वर्षी घातलंय, ते शेवटी ढकल. आधी मार्काचं शुभवर्तमान. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्यानं वाचून होतो.

आणि टेबलावर मराठी बायबल असू दे. माझा हट्ट समज हवं तर. पण लूक बावीस, एकतीस आणि बत्तीस काढून बघ. प्रभू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, सांगतो की सैतानानं तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केलीय. 'तुम्हांला' म्हणजे सगळ्या शिष्यांना, 'तुझा' म्हणजे एकट्या पेत्राचा. ग्रीकमध्येही तसाच फरक आहे. बऱ्याच इंग्रजी भाषांतरांत दोन्हीकडे नुसतं 'यू', कळायला मार्ग नाही. तुझ्या मुलांना 'तू' आणि 'तुम्ही' घरात बसून फुकट मिळालंय. पंडिता रमाबाई त्याच ग्रीकसाठी आणि हिब्रूसाठी उतारवयात शिकायला बसल्या, केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं शास्त्र उतरवलं, आणि १९२२ मध्ये गेल्या. पुस्तक छापून आलं १९२४ साली. तिथे एकदा मुलांना घेऊन जाऊ, पुढच्या खेपेला आलात की.

पप्पांचं म्हणणं वेगळं. ते म्हणतात, आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांना आगगाडीत कोणीतरी नवा करार हातात दिला, त्यांनी तो वाचला आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. कुठला अभ्यासक्रम होता त्यांच्याकडे? खरंय. पण टिळकांना डोंगरावरचं प्रवचन सोडवेना, आणि आपल्या थोरल्याला फोन सोडवत नाही. पुस्तक घे.

रविवारी तुमचे सकाळचे नऊ, म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. आमोसाचे पहिले दोन अध्याय. नकाशा छापील नको, मुलांनी हातानं काढलेला हवा. आणि थोरल्याला सांग, त्यानंतरच्या रविवारी शास्ते अकरा. उत्तर मला अजूनही येत नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेव.

तुझी,
आई