मण्यार नव्हे, कवड्या होता

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमची वस्ती वाळवा तालुक्यात, तिन्ही बाजूंनी ऊस. तोड सुरू झाली की फडातले उंदीर घराकडे येतात आणि त्यांच्या मागं साप. गेल्या आठवड्यात शेजारच्या न्हाणीत "मण्यार, मण्यार" असा ओरडा झाला. मी पोचेपर्यंत पोरांनी ठेचला होता. बॅटरी धरून पाहिलं. हातभर लांब, तपकिरी अंग, पट्टे मानेपासूनच सुरू आणि शेपटीकडं पुसट होत गेलेले. तो कवड्या होता. पालीच्या मागं भिंतीवर चढणारा, बिनविषारी. मण्यार काळीनिळी, चकचकीत असते. तिचे पांढरे पट्टे डोक्यापासून अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होतात.

मला फार वाईट वाटलं. यंदा वस्तीवर तीन धामणी मारल्या आणि त्याच वर्षी आमच्या शेंगांची दोन पोती उंदरांनी पोखरली. सापसुरळी दिसली तरी दगड पडतो. तिला विष नसतं हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. घोरपडीला तर कायद्यानं वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. शिराळ्याला नाग पुजणारा आपला जिल्हा, आणि दारात आलेला प्रत्येक जीव मेलाच पाहिजे, हे मला समजत नाही.

मी भीती नाकारत नाही. माझ्या चुलत दिराला खळ्यावर जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. ना सूज, ना ठणका. किडा असेल म्हणून तो पुन्हा झोपला. पहाटे पापण्या उचलेनात, तरी घरच्यांनी आधी देवळात नेऊन बसवलं. जवळच्या दवाखान्यात लस नव्हती. पुढं मोठ्या दवाखान्यात दोन दिवस यंत्रावर श्वास दिला, तेव्हा वाचला.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे. या चौघांवर लस एकच, पण ती वेळेत मिळाली पाहिजे. तोडीच्या हंगामाआधी प्रत्येक आरोग्य केंद्रात ती आहे का, हे ग्रामपंचायतीनं विचारावं. रानात झोपणाऱ्यांनी बाज आणि मच्छरदाणी वापरावी. तोडकऱ्यांच्या खोपीत तर लेकरं जमिनीवरच झोपतात, त्यांच्यासाठी कारखान्यांनी काही करावं. वन विभागाचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे चौघांच्या चित्रांसह शाळेच्या भिंतीवर रंगवावेत, शेजारी कवड्या आणि धामणही. आमच्या शाळेच्या रंगाचा खर्च मी देते.

आपली,
एक शेतकरी महिला, ता. वाळवा, जि. सांगली