आई-बाबा, मी चेन्नईला निघालेय

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर सांगणारच होते, पण आईने गुडघ्याचं काढलं आणि माझं तोंड उघडेना. मी नोकरी सोडलीये. जुलैत आयआयटी मद्रासला पीएचडीला जातेय. फीसुद्धा भरली. आधी विचारलं नाही, चुकलंच माझं. पण तुम्ही ‘जा’ म्हणाला असता आणि रात्रभर जागला असता.

बाबा, पगाराचा हिशोब तुम्ही एव्हाना मांडला असेल. महिना 37,000 शिष्यवृत्ती आहे, हॉस्टेल-मेस भागून उरतात. घराच्या हप्त्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्याला धक्का नाही. आई, मेसमध्ये भात-सांबार रोज, पोळीही मिळते. शेंगदाण्याची चटणी मात्र तुझ्याच हातची लागेल.

आणि विषय बाबांच्या साखर कारखान्याच्या बॉयलरमधलाच आहे! सिमेंटसाठी चुनखडी 1450 अंशांपर्यंत भाजतात. इंधनाचा धूर वेगळाच, पण त्या दगडातूनही कार्बन डायऑक्साइड सुटतो. माणसामुळे जगात जेवढा हा वायू हवेत जातो, त्यातला सुमारे 8 टक्के सिमेंटचा. बॉयलरमध्ये जळलेल्या उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका असते. ती चाळून, बारीक दळून थोड्या सिमेंटऐवजी घातली, की चुन्याशी मिळून काँक्रीटला बळ देते. आई शर्ट दोनदा धुवायची ना, तीच राख. कारखाने ती ढिगाने टाकून देतात, बघवत नाही मला.

काँक्रीटची ताकद बघायला त्याचे ठोकळे 28 दिवस पाण्यात ठेवून मग मशीनखाली फोडतात. तेव्हा मला आपला स्लॅब आठवतो. बाबांनी वर मातीचे बांध घालून पाणी भरलेलं आणि मी त्यात कागदी होड्या सोडलेल्या. आई ओरडली, तर बाबा म्हणाले, ‘असू दे, पाणी आटलं की तीच सांगेल.’ रोज सकाळी मी जिन्यातून हाक मारायचे, ‘बाबा, होडी टेकली!’

आता ऐका. आईने जिना चढायचा नाही, वाळवण खालीच. बाबांनी शुगरची गोळी जेवणाआधीच घ्यायची. आणि आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की सरळ मिरजेला मावशीकडे. धोक्याच्या 45 ची वाट बघायची नाही. 2019 च्या पुरात बाबा माळ्यावर कागदपत्रं चढवत बसले होते, मी इथे पुण्यात फोन लावून लावून रडत होते. रागावत नाही बाबा, पण पुन्हा नको.

गाळप सुरू झालं की बॉयलरवरच्या ओळखीने किलोभर राख मागून ठेवाल? कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून. दिवाळीला आले की नेईन.

तुमची,
छकुली