गुंड्या, तुझा स्पेस बेस मी मोडलाय

प्रिय गुंड्या,

फोनवरच सांगणार होते पण तू फोनवर नुसतं हं हं करतोस आणि मग गाडी मेसच्या जेवणावर येऊन अडकते, म्हणून लिहून पाठवतेय, पूर्ण वाच आणि मगच ओरड. कपाटावरचा तुझा लेगोचा वाळवंटातला स्पेस बेस, नववीतला, तो मी मोडला. पडला नाही, धक्का लागला नाही, मावशींनी फडकं मारताना काही झालं नाही, मी स्वतः जमिनीवर बसून मोडला. मला टॅन, म्हणजे वाळूच्या रंगाचे पार्ट हवे होते आणि अख्ख्या घरात तेवढे टॅन दुसरीकडे नव्हते. मोडायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढलेत, त्यामुळे परत बांधता येईल, पण सध्या तुझ्या बेसची सीएसएमटी स्टेशनची उजवी विंग झालीय.

हो, सीएसएमटी. हसू नकोस.

गणपतीच्या आधी साफसफाई काढली होती, तुझ्या लेगोचे डबे माळ्यावर टाकायचे म्हणून उतरवले आणि झाकण लागत नव्हतं म्हणून आत काय अडकलंय बघायला बसले, ते दोन तास तिथेच. बाबा मॅच बघत होते, त्यांनी दोनदा चहाचं विचारलं आणि मग स्वतःच केला, यावरून काय ते समज.

आता मी पहिली चूक काय केली तर तुझा तो छोटा माणूस, मिनीफिग, समोर उभा केला आणि त्याच्या मापाचा दरवाजा करायला घेतला. दरवाजा मस्त झाला. मग मनात आलं की आपल्या स्टेशनात लोकल पण हवी, आणि ऑफिसची सवय, कॅलक्युलेटर काढला. तो माणूस 4 सेंटीमीटरचा, म्हणजे साधारण चाळीसपट छोटा. लोकलचा एक डबा वीस-एकवीस मीटर, म्हणजे त्या स्केलला अर्धा मीटर, आणि 12 डबे म्हणजे सहा मीटरच्या वर. आपल्या हॉलमधून सुटलेली लोकल शेजारच्या काकूंच्या किचनात थांबली असती. तू दहावीच्या सुट्टीत रडवेला होऊन सांगत होतास ना की पार्ट संपतात, सगळंच अर्धवट राहतं, आणि मी म्हणाले होते की मग छोटं कर की, त्यात काय? त्यात काय ते मला आत्ता कळतंय.

मग मी उलटीकडून सुरू केलं. आधी लोकल ठरवली. 1 बाय 4 ची एक प्लेट, तो चार टेंगळांचा चपटा तुकडा, म्हणजे एक डबा. ती प्लेट 32 मिलिमीटर, डबा वीस मीटर सत्तर धर, म्हणजे सगळं साडेसहाशेपट छोटं. मग एक स्टड, म्हणजे एका टेंगळाची 8 मिलिमीटरची जागा, पाच मीटर आणि वर थोडं. एक प्लेट 3.2 मिलिमीटर जाडीची, म्हणजे दोन मीटर, तीन प्लेटी म्हणजे एक ब्रिक म्हणजे सहा मीटर, दीड-दोन मजले. माणूस अडीच मिलिमीटर. स्टडचा तो वरचा टेंगूळ असतो ना, तो पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे केजीतलं पोर. मी तर प्लॅटफॉर्मकडे बघून म्हटलं, बघा, बालवाडी सुटली.

एवढं करून लोकल काही मावली नाहीच. 12 डबे गुणिले 4 म्हणजे 48 स्टड, आणि तुझी हिरवी बेसप्लेट 32 ची. (48 ची ती ग्रे प्लेट असती तर बरोब्बर बारा डबे बसले असते, पण ती तू शाळेच्या प्रोजेक्टला नेलीस आणि परत आणली नाहीस, विसरले नाहीये मी.) शेवटी शेडखालून तीनच डबे बाहेर डोकावतायत, बाकीची गाडी आत आहे असं समजायचं. आणि डबा जरा लठ्ठ झालाय, खरा 3.66 मीटर रुंद आणि माझा एक स्टड म्हणजे पाचच्या वर. पण सकाळी 8 च्या फास्टला डब्यातून जेवढी माणसं बाहेर लटकलेली असतात ती धरली तर माप चुकलंय असं मला नाही वाटत.

खिडक्यांनी जीव काढला बघ. त्या बिल्डिंगला किती खिडक्या, कमानी, कोरीवकाम, छोटे मनोरे, आणि मी पहिल्या दोन रविवारी सगळंच घालायला गेले. दिसायला लागलं लग्नाच्या हॉलबाहेरच्या गेटसारखं. मग सगळं उतरवलं. तुझ्या डब्यात ती हेडलाईट ब्रिक असते, एका बाजूला स्टड आत गेलेला, ती चुकून उलटी लावली गेली आणि मागचं चौकोनी भोक पुढे आलं, आणि ती खिडकी झाली! मी एकटीच जोरात ओरडले. मग अशा सात ओळीने लावल्या आणि खालच्या कमानींच्या ओळीला जाळीच्या टाईल, त्या रेघा रेघा असलेल्या. जवळून बघितलं तर गटारावरची जाळी आहे, दोन हात लांबून बघितलं तर खांब. सातच खिडक्या आहेत पण बाबांनी बघितल्या बघितल्या सीएसएमटी म्हटलं, कोणी न सांगता, म्हणजे सात पुरतात.

डोमला बेसवरचाच 2 बाय 2 चा गोल तुकडा घेतला. खरा डोम अष्टकोनी आहे, माझा गोल आहे, चालतंय. पण भिंत झाली होती एकवीस स्टडची आणि डोम दोन स्टडचा, मधोमध बसेचना, एकतर डावीकडे नाहीतर उजवीकडे, डोकं नीट न विंचरल्यासारखं. तीन दिवस ऑफिसात पण तेच डोक्यात. मग तुझ्या त्या जंपर प्लेटी सापडल्या, दोन स्टडच्या जागेत मध्ये एकच टेंगूळ, त्याने सगळं अर्धा स्टड म्हणजे 4 मिलिमीटर सरकतं. सरकलं आणि बसलं. आणि हो, तू स्नॉट स्नॉट करायचास तेव्हा मला खरंच वाटायचं तुला सर्दी झालीय. म्हणजे स्टड वर न ठेवता आडवे करायचे, इतकंच ना. पाच प्लेटी एकावर एक म्हणजे 16 मिलिमीटर आणि दोन स्टड म्हणजे पण 16 मिलिमीटर, म्हणून आडवं केलेलं उभ्यात फिट बसतं. हे जुळलं तेव्हा मला वर्षअखेरीला ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात टॅली झाल्यासारखं वाटलं. हे आधी सांगितलं असतंस तर मी तुला पसारा म्हणून ओरडले नसते. बरं, कमी ओरडले असते.

खऱ्या डोमवर 'प्रगती'चा पुतळा आहे, त्याचा मात्र माझ्याकडे पोपट झाला. तुझी ती सोनेरी ट्रॉफी असते ना, छोटी बाई, ती डोमवर ठेवली, एकदम भारी दिसली. मग मोजली तर दीड सेंटीमीटर, म्हणजे दहा मीटरची बाई, स्टेशनात उतरली तर डोकं तिसऱ्या मजल्याला. काढली. आता एक गोल 1 बाय 1 आणि त्यावर बारीक काडी आहे, तिचा मशाल धरलेला उजवा हात आणि डाव्या हातातलं चाक दोन्ही त्यातच समजून घ्यायचं. तरी काढताना वाईट वाटलं, कारण आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा, अळिवाची हिरवळ त्याच्या कमरेला लागायची आणि महाराज तर दरवाजातून आत जाऊच शकले नसते, आणि तेव्हा आपल्याला काहीच खटकायचं नाही. इथे मात्र खटकतं.

टॅन कमी पडले म्हणून ऑनलाइन एका सेकंडहँडवाल्याकडून सुटे मागवले होते. आले ते भलत्याच कंपनीचे, पिवळट, आणि पकडच नाही, एक बोट लावलं की भिंत हातात. ते तुझ्या आतेभावाला दिले. त्यानंतर मग तुझ्या बेसकडे नजर गेली, म्हणजे मी लगेच मोडला नाही, हे लक्षात घे.

आता एक गंमत. बावीस वर्षं मी त्या स्टेशनात उतरतेय आणि मला ती बिल्डिंग माहीतच नव्हती. आपण लोकलच्या बाजूने उतरतो, सबवेत घुसतो आणि फोर्टात निघतो, समोरचा भाग बघायचा कधी? मोबाईलवरच्या फोटोत मागची बाजू कळेना म्हणून मागच्या बुधवारी डबा लवकर संपवून गेले आणि रस्त्यापलीकडे महापालिकेच्या बाजूला उभी राहिले, लोक सेल्फी काढतात तिथे. कॉलेजच्या पोरांच्या मध्ये मी, हातात वही, खिडक्या मोजतेय. एक पोरगी म्हणाली काकू तुमचा फोटो काढू का. 1878 ला काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली म्हणे, डिझाइन स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टचं. महापालिकेची बिल्डिंग पण त्याचीच. ती पुढच्या वेळी, त्याला टॅन नाही ग्रे लागेल, आणि ग्रे तुझ्या त्या मोठ्या स्पेसशिपमध्ये खूप आहेत. नुसतं सांगून ठेवतेय.

एक अडलंय. गेटच्या दोन खांबांवर एकावर सिंह आहे आणि एकावर वाघ. माझ्याकडे एक टॅन आणि एक ऑरेंज चीज स्लोप आहे, तो बारीक उतरता तुकडा, या स्केलला जनावर तेवढंच होतं. पण डावीकडे सिंह की वाघ, ते वहीत लिहायचं राहिलं, आणि बाबा ठामपणे एक सांगतात म्हणजे बहुतेक दुसरं असणार. सोमवारी बघून येते. तोवर दोन्ही वाटीत ठेवलेत, फ्रिजवर.

हिवाळ्याची जॅकेट धुऊन ठेव.

तुझी,
आई