त्रेसष्टचा झाला छत्तीस

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या की आपल्या सदरात एक पत्र हमखास येते : आताच्या मुलांना पाढे येत नाहीत, आमच्या वेळी असे नव्हते. यंदाही आले. मी अनगोळचा सुतार, शिक्षण सातवी. आमच्या वेळी काय होते ते आधी सांगतो.

१९५५च्या जूनमध्ये मी पहिलीत बसलो तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. दुसरीच्या दिवाळीत आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. शाळा तीच, बसायचे तरटही तेच. मग १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. तोवर गुरुजींनी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया असे सगळे घोकून घेतले होते. नव्या हिशेबात एका आण्याचे सहा नवे पैसे आणि चार आण्यांचे पंचवीस. म्हणजे चार आण्यांचे शेंगदाणे एकदम घेतले तर पंचवीस पैसे, आण्या-आण्याचे चारदा घेतले तर चोवीस. एक पैसा वाचवायला आम्ही पोरे दुकानाचे चार हेलपाटे घालायचो. माझे पहिले खरे गणित ते, आणि ते पुस्तकात नव्हते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे पाढे, सगळे तोंडपाठ. पुढे पैसे दशमान झाले, शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, तशी ही कोष्टकेही पुस्तकातून गळाली. त्याचे मला फारसे दुःख नाही. आमच्या धंद्यात मात्र ती अजून जिवंत आहेत. इंचाचे सूत आठ, आणि लाकूड घनफुटावर. पाच इंच बाय तीन इंचाचे लाकूड, चोवीस फूट लांब : तिन्हींचा गुणाकार तीनशे साठ, भागिले एकशे चव्वेचाळीस, म्हणजे अडीच घनफूट. दर छत्तीसशे धरा : छत्तीस अडीच नव्वद, नऊ हजार झाले. नातू खिशातून मोबाईल काढीपर्यंत माझे उत्तर तयार असते, आणि ह्याचा मला तोरा होता.

तो तोरा परवा उतरला. नातवाने विचारले, "आजोबा, शेवटी एकशे चव्वेचाळीसने का भागता वो?" मी म्हटले, भागायचेच असते. माझ्या वडिलांनी सांगितले, मी साठ वर्षे भागत आलो. पोराने काही न बोलता प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने फूटभर चौरस आखला, त्यात इंचा-इंचाची घरे पाडली. बारा ओळी, ओळीत बारा घरे. "लाकडाचं तोंड पाच त्रिक पंधरा घरांएवढं. एकशे चव्वेचाळीसातली पंधरा." मी बघतच राहिलो. पाढे पाठ असलेल्या माझ्या पिढीत गुरुजींना 'का' विचारले असते तर छडी मिळाली असती. माझी सून खानापूर तालुक्यात सरकारी मराठी शाळेवर आहे, नली-कलीचा, म्हणजे खेळत-खेळत शिकायचा, वर्ग घेते. पहिली ते तिसरीची मुले एकत्र, जमिनीवर गोल करून, पुढ्यात कार्डे आणि दहा-दहा काड्यांच्या जुड्या. आधी मला तो पोरखेळ वाटायचा. आता तसे म्हणायची सोय राहिली नाही.

माझी खरी तक्रार आकड्यांच्या नावांबद्दल आहे. मागे हाताखालच्या मुलाला ओरडून सांगितले, "त्रेसष्टवर काप." त्याने छत्तीसवर कापली. गिऱ्हाइकाच्या कपाटाची सागवानी फळी! त्या दिवशी आमचा दोघांचा खरोखरच छत्तीसचा आकडा झाला. राग ओसरल्यावर विचारले, तर म्हणतो, "त्रे आधी ऐकलो की वो, म्हणून तीन आधी लिहिलो."

त्याच्या घरी मराठी, शाळा कन्नड. कन्नडमध्ये अरवत्तमूरु : आधी साठ, मग तीन. इंग्रजीतही तसेच. मराठीत तेवढे तीन पुढे आणि साठ मागून. एकोणसाठची तर आणखी गंमत. नाव साठचे आणि लिहायचे पाचावर नऊ. कन्नडवाला सरळ ऐवत्तोंबत्तु म्हणून मोकळा होतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. पार विधानसभेपर्यंत विनोद गेले. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर बाई जीव तोडून सांगत होत्या की जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. मीही तेव्हा हसलो होतो. फळी वाया गेल्यावर त्या आठवल्या.

आपल्याकडे मराठी शाळांची पुस्तके कर्नाटकाची, त्यामुळे तो वाद इथे आलाच नाही. पण खरी गरज इथेच होती. पुण्यातल्या मुलाला दोन भाषांतले आकडे सांभाळायचे, आमच्याला तीन. बस कंडक्टर कन्नडमध्ये पैसे मागतो, आई मराठीत, आणि फोन नंबर सगळ्यांना इंग्रजीतच पाठ. बावीस, त्रेसष्ट ही नावे जावीत असे माझे म्हणणे नाही, ती आपलीच आहेत. फक्त पहिली-दुसरीच्या वर्गात साठ तीन, त्रेसष्ट आणि अरवत्तमूरु शेजारी-शेजारी दिसावेत. पोराला कळू दे की साठ कुठे पुढे येते आणि कुठे मागे. सूनबाई म्हणतात, असे काही पुस्तकात नाही, पण करायला कुणी अडवलेलेही नाही.

म्हणून मी शंभर पाट्या कापायला घेतल्या आहेत, तीन इंच बाय तीन इंच. पुढे आकडा, मागे तिन्ही नावे. पहिला संच सुनेच्या शाळेला जाईल. आणखी कुठल्या मराठी शाळेला हवा असेल तर लाकूड माझे, घासकाम माझे. अक्षरे मात्र शाळेने काढून घ्यावीत, कारण माझे कन्नड बोलण्यापुरतेच आहे.

आपला नम्र,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव